चिकूच्या कलमाखालची खिरणी

घरामागच्या 20 बाय 30 फुटांच्या काळ्या जमिनीत आंबा, चिकू, पेरू, लिंबू आणि जांभूळ लावायचे आहे, तर खड्डे किती खोल घ्यावेत, असे आपण विचारले आहे. खड्ड्यापूर्वी झाडांच्या संख्येचा विचार करावा लागेल. बागेत आंब्याच्या किंवा चिकूच्या दोन झाडांत पूर्वापार 10 मीटर, म्हणजे सुमारे 33 फूट अंतर ठेवतात. त्यामुळे आपल्या जागेत एक चिकू, एक पेरू आणि एक लिंबू एवढेच नीट वाढेल. आंब्याचा हट्ट असेल तर चिकू सोडावा. हा वाद घरात पावसाआधीच मिटलेला बरा.

चिकूसाठी लांबी, रुंदी आणि खोली प्रत्येकी 1 मीटर, तर पेरू व लिंबासाठी 60 सेंटिमीटरचा खड्डा पुरतो. तो मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावा आणि वरच्या थरातील मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरावा. काळ्या जमिनीत मात्र भुसभुशीत भरलेला खड्डा पावसात हौदासारखा पाणी धरतो, म्हणून भर जमिनीच्या वर वीतभर येऊ द्यावी आणि रोप त्या उंचवट्यावर लावावे. लिंबाच्या खोडाशी पाणी साचले की डिंक्या रोग, म्हणजे साल कुजून खोडातून डिंक पाझरण्याचा रोग, येण्याची भीती असते. त्यासाठी दुहेरी आळे, म्हणजे खोडाभोवती एकाबाहेर एक अशी दोन आळी, करून पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात सोडावे.

खोलीपेक्षा मला काळजी वाटते ती कलमाच्या सांध्याची. चिकूचे कलम बहुधा खिरणीच्या, म्हणजे चिकूच्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाच्या, खुंटावर (मुळांसकट खालच्या रोपावर) बांधलेले असते; दोन्ही जुळतात तो सांधा. माझ्या पहिल्या चिकूचा सांधा मी अज्ञानाने मातीखाली गाडला आणि खालून आलेल्या जोमदार फुटव्याला चिकूचीच फांदी समजून चार वर्षे खतपाणी घातले. वरचे कलम केव्हा वाळले ते कळलेही नाही. शेवटी एका जाणत्या माळ्याने पान हातात घेऊन दाखवले: चिकूचे पान टोकाकडे निमुळते होते, तर या पानाच्या बोथट टोकाला मधोमध बारीक खाच होती. अंगणात खिरणी उभी होती!

तेव्हा रोपवाटिकेत पिशवी उचलून सांधा नीट जुळलेला आहे ना, हे पाहूनच कलम घ्यावे. लावताना सांधा जमिनीपासून निदान वीतभर वर ठेवावा, बांबूचा आधार द्यावा आणि सांधा पक्का झाल्यावर त्यावरची प्लॅस्टिकची पट्टी आठवणीने सोडावी, नाहीतर खोड जाड होताना ती सालीत रुतते. सांध्याखाली आलेला प्रत्येक फुटवा कोवळा असतानाच बोटाने खुडावा. पहिली दोन-तीन वर्षे हे काम पावसाळ्यात दर पंधरवड्याला करावे लागते.