माउंटन बाइकिंगचा छंद आणि इंजिनिअरिंगची नोकरी यांचे खरोखर काही नाते आहे का?

आपण मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात, नुकतीच माउंटन बाइकिंगची गोडी लागली आहे आणि टेकडीवर भेटणारे निम्मे लोक इंजिनिअरच निघतात, तर हा योगायोग आहे की या दोहोंत काही आतले नाते आहे, आणि पुढे नोकरीत या छंदाचा उपयोग होईल का, असे आपण विचारले आहे. मी गेली सतरा वर्षे दुचाकीच्या सस्पेन्शनच्या, म्हणजे धक्के शोषणाऱ्या यंत्रणेच्या, भागांची टिकाऊपणाची चाचणी घेण्याचे काम करतो आणि त्यांतली अकरा वर्षे पुण्याच्या टेकड्यांवर माउंटन बाइक चालवत आलो आहे, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने लिहितो.

योगायोगाचा भाग आधी बाजूला काढू. या खेळाची सायकल महाग असते, शनिवार-रविवार मोकळा लागतो आणि टेकडी घराजवळ असावी लागते. पुण्यात या तिन्ही गोष्टी ज्यांच्याकडे एकत्र असतात त्यांत इंजिनिअरांची संख्या मोठी आहे. शिवाय आपल्याकडे भूगोलच असा आहे की वेताळ टेकडीच्या एका अंगाला ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली, वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था उभी आहे आणि पुष्कळ पुणेकर टेकडीचा तो भाग ‘एआरएआय टेकडी’ या नावानेच ओळखतात. पण एवढ्याने आपल्या प्रश्नाचे उत्तर होत नाही, कारण पैसा, सुट्टी आणि टेकडी या गोष्टी डॉक्टरांना आणि वकिलांनाही मिळतात.

खरे नाते कळायला या खेळाचा जन्म पाहावा लागतो. कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत, माउंट टॅमलपाइसच्या परिसरात, १९७० च्या दशकात काही तरुण १९३० आणि ४० च्या दशकांतल्या जुन्या, जाडजूड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन मातीच्या रस्त्याने खाली सोडत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तिथल्या एका उतारावर घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. उतार सुमारे ३.४ किलोमीटरचा आणि उंचीतला फरक सुमारे ४०० मीटरचा होता. त्या सायकलींना पेडल उलटे दाबल्यावर लागणारा, मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आत बसवलेला ब्रेक असे. एका फेरीत तो हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर होऊन जाई आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत या पुन्हा भरण्याला जो शब्द आहे त्यावरूनच त्या उताराला ‘रीपॅक’ हे नाव पडले. हिशेब करून पाहा. सायकल आणि स्वार मिळून १०० किलो धरले तर ४०० मीटर खाली येताना सुमारे ३९० किलोज्यूल ऊर्जा सोडली जाते. सव्वा लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. हवेचा आणि मातीचा विरोध वजा केला तरी उरलेला मोठा वाटा मुठीएवढ्या हबला पचवायचा होता, आणि ते त्याच्या आवाक्यातले काम नव्हते.

पुढे काय झाले ते आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. उतरणाऱ्यांनीच साधने हातात घेतली. त्यांच्यातल्या जो ब्रीझने १९७७ साली क्रोम-मॉली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाच्या नळ्यांतून या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बनवली. पॉल टर्नर आणि स्टीव्ह सायमन्स यांनी १९८९ साली रॉकशॉक्स कंपनी काढून सायकलच्या पुढच्या चाकाला तेल-हवेचे सस्पेन्शन दिले. हॉर्स्ट लाइटनर हा ऑस्ट्रियात जन्मलेला मोटोक्रॉसचा शर्यतपटू आणि इंजिनिअर. त्याने मागच्या सस्पेन्शनचा एक सांधा चाकाच्या आसाच्या किंचित पुढे आणि खाली आणला, त्यामुळे ब्रेक दाबला तरी मागचे चाक खड्ड्याशी जुळवून घेत राहू लागले. त्या सांध्याच्या पेटंटमुळे अमेरिकेत इतर कंपन्यांना मुदत संपेपर्यंत वेगळ्या वाटा शोधाव्या लागल्या, आणि आज दिसणाऱ्या सस्पेन्शनच्या रचनांमधली बरीच विविधता त्या शोधाशोधीतून आली आहे. वापरणारा आणि बनवणारा एकच असण्याची ही परंपरा या खेळात अजून टिकून आहे, आणि इंजिनिअरांना इथे घरच्यासारखे वाटते ते मुख्यतः याचमुळे, असे माझे मत आहे.

आता माझा स्वतःचा अनुभव. आमच्या कामात एखाद्या भागात बदल सुचवला तर त्याचा नमुना यायला काही आठवडे, चाचणीच्या यंत्रावर लाखो आवर्तने पूर्ण व्हायला आणखी काही आठवडे आणि रस्त्यावरचा निकाल हाती यायला कधी कधी वर्ष लागते. तोपर्यंत त्याच भागात इतर चार बदल झालेले असतात आणि नेमका कशाचा परिणाम झाला हे सांगणे कठीण होते. टेकडीवर हेच अंतर दहा मिनिटांचे असते.

एक प्रसंग सांगतो. वेताळ टेकडीवरून उतरताना एका ठिकाणी काळ्या कातळाच्या ओळीने पाच पायऱ्या लागतात आणि त्यांच्यानंतर लगेच सुट्या मुरमाचे वळण आहे. पहिल्या दोन पायऱ्या माझी सायकल मऊपणे घेत असे, पण चौथी-पाचवी पायरी येईपर्यंत हँडल मनगटांवर घणासारखे आदळू लागे. मी बरेच दिवस फोर्कमधल्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दुपाखी नळ्यांमधल्या, हवेचा दाब कमी-जास्त करून पाहिला आणि काही उपयोग झाला नाही. मग एका रविवारी दाब ठरावीक ठेवला, फोर्क किती दबला ते दाखवणारे, त्याच्या नळीवरचे रबरी कडे प्रत्येक फेरीआधी खाली सरकवले, फक्त रिबाउंडची, म्हणजे दबलेला फोर्क परत उघडण्याचा वेग ठरवणारी, घुंडी एकेक टिचकी मोकळी करत त्याच पाच पायऱ्या आठ वेळा उतरलो आणि प्रत्येक फेरीनंतर कडे कुठवर गेले आणि मनगटाला काय जाणवले ते वहीत लिहिले. तिसऱ्या फेरीलाच उत्तर मिळाले होते. रिबाउंड फार मंद असल्यामुळे एक धक्का खाऊन दबलेला फोर्क पुढचा धक्का येईपर्यंत पूर्ण उघडतच नव्हता; दर पायरीला तो आणखी थोडा दबलेला राहत होता आणि शेवटच्या पायरीला त्याच्याकडे दबण्यासाठी जागाच उरत नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी कामावर एक तक्रार आली. एका नमुना गाडीचा मागचा शॉक-ॲब्सॉर्बर खराब रस्त्यावर कडक लागतो, असे चालवणाऱ्यांचे म्हणणे होते, पण प्रयोगशाळेत स्प्रिंग आणि डॅम्पिंगचे (तिची हालचाल आवरण्याचे) आकडे ठरवलेल्या मर्यादेत बसत होते. बैठकीत स्प्रिंग मऊ करण्याची चर्चा सुरू झाली. माझ्या मनगटांना मात्र ती तक्रार ओळखीची वाटली. एकच उंचवटा ओलांडण्याची चाचणी आम्ही घेतली होती. मी एकापाठोपाठ एक असे सहा उंचवटे ठेवून शॉकची लांबी मोजण्याची विनंती केली, आणि आलेखात तो दर उंचवट्याला थोडा थोडा खाली बसत गेलेला स्पष्ट दिसला. स्प्रिंग होती तशीच राहिली, रिबाउंडची झडप बदलली. ही गोष्ट पुस्तकात मीही वाचलेली होती. पण वाचलेली गोष्ट बैठकीत योग्य वेळी आठवायला ती आधी अंगावर बसलेली असावी लागते, असे तेव्हापासून मी मानतो.

दुसरा विषय धातूच्या थकव्याचा. पोलादाला ताणाची एक अशी मर्यादा असते की तिच्या खाली राहिले तर ते जवळजवळ कितीही आवर्तने सोसते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसते, म्हणून लहान ताणही पुरेशा वेळा आला तर अखेरीस तडा जातो. हे आपल्याला परीक्षेत विचारतील. माझ्या जुन्या ॲल्युमिनियम फ्रेमची मागची नळी वेल्डच्या कडेला तुटली तेव्हा तिचे दोन तुकडे मी ऑफिसात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरले. तुटलेल्या जागेचा साधारण दोन तृतीयांश भाग गुळगुळीत आणि काळपट होता, आणि त्यावर भरती ओसरल्यावर वाळूवर उमटतात तशा वळ्या होत्या. उरलेला भाग साखरेच्या खड्यांसारखा चकचकीत होता. म्हणजे तडा कित्येक महिने हळूहळू वाढत होता आणि शेवटचा तुकडा एका धक्क्यात तुटला. त्या काळात दर रविवारी मी ती सायकल धूत होतो आणि त्या जागेवरून फडके फिरवत होतो. तेव्हापासून कामावर तुटलेला भाग आला की मी आधी त्याची कडा बघतो आणि मग अहवाल उघडतो.

या नात्याची एक अडचणही आपल्याला सांगायला हवी. इंजिनिअरला मोजता येणाऱ्या गोष्टींचा मोह असतो, आणि या खेळातल्या निम्म्याहून अधिक गोष्टी मोजून येत नाहीत. ब्रेक वळणाच्या आधी दाबून वळणात सोडणे, नजर दगडावर न ठेवता दगडांमधल्या वाटेवर ठेवणे, टाचा खाली आणि कोपर बाहेर ठेवणे, ही सर्व शरीराने सरावातून शिकायची कौशल्ये आहेत. माझ्या ओळखीत एक शिक्षक आहेत. बिनासस्पेन्शनच्या मागच्या चाकाची, दहा वर्षे जुनी सायकल ते अशा सुरेख लयीत उतरवतात की त्यांच्या मागे राहून पाहणे हेच माझे शिक्षण झाले आहे. सुटे भाग बदलण्याआधी अशा माणसाच्या मागे चार रविवार जावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

नोकरीविषयी स्पष्ट सांगतो. सायकल उद्योगातच काम करायचे असेल तर आपल्याकडे त्याची मोठी केंद्रे लुधियाना आणि चेन्नई ही आहेत, आणि तिथला बहुतांश भर रोजच्या वापराच्या सायकलींवर आहे. महागड्या माउंटन बाइकची रचना बव्हंशी अमेरिका, युरोप आणि तैवान येथे होते. त्यामुळे केवळ छंदावर विसंबून त्या उद्योगाची आशा धरावी, असे मी म्हणणार नाही. पण दुचाकी, सस्पेन्शन, ब्रेक, टायर किंवा चाचणीच्या क्षेत्रात जायचे असेल तर हा छंद फार मोलाचा आहे. मी मुलाखती घेतो तेव्हा अर्जात ‘माउंटन बाइकिंग’ दिसले की सायकल कोणत्या कंपनीची हे विचारत नाही. तुम्ही तिच्यात कोणता एक बदल केला, तो का केला आणि त्याने फरक पडला हे कशावरून ठरवले, एवढे विचारतो. ज्याने स्वतःच्या फोर्कचे तेल बदलले आहे आणि सील कुठे ओरखडले होते हे जो सांगू शकतो, त्याच्याशी पुढचा तास बोलायला मला आवडते.

म्हणून शिकत असतानाच सर्व्हिसिंग स्वतः करा. फोर्कच्या खालच्या नळ्यांचे तेल साधारण ५० तासांच्या वापरानंतर बदलायचे असते, आणि ते काम होस्टेलच्या व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून करता येते. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळू देणारा पाना, मात्र चांगला घ्या. हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमचे बोल्ट बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात आणि हाताचा अंदाज तिथे हमखास जास्त भरतो. पावसाळ्यात टेकडीची माती ओली असताना चाके घालू नका, पायवाटेवर चर पडतात आणि पुढच्या पावसात तेच ओघळ होतात. पहाटे तिथे ज्येष्ठ मंडळी चालायला येतात, त्यांना आधी वाट द्या.

आपण सायकल बहुधा जुनी घ्याल, म्हणून शेवटी तेवढे सांगतो. विकणाऱ्याकडून ती आधी धुऊन घ्या. मग दिवसाच्या उजेडात हँडलच्या नळीखालचा सांधा, सीटच्या नळीचा वरचा काठ आणि मागच्या चाकाजवळचे वेल्ड पांढऱ्या सुती फडक्याने पुसा आणि त्यांवरून नख फिरवा. रंगात केसाएवढी रेघ दिसली आणि नख तिथे अडकले, तर किंमत कितीही उतरवली तरी ती सायकल घेऊ नका.