वाचकांचे प्रश्न : होम असिस्टंट एसएसडीवर नेताना

प्रश्न : रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा संगणक) वर होम असिस्टंट (घरातले दिवे, सेन्सर सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालवतो. लाइट जाऊन आली की कधी कधी ते उठतच नाही. दोन मेमरी कार्डं बाद झाली. एसएसडी (फ्लॅश मेमरीची डिस्क) लावून फरक पडेल का? कोणती घेऊ? (नाशिक)

उत्तर : पडेल. कार्डाचा जीव घेतो तो होम असिस्टंटचा रेकॉर्डर. सेन्सरच्या नोंदी गोळा करून तो दर ५ सेकंदांनी डेटाबेसमध्ये टाकतो, आणि दिवसरात्र टाकतच राहतो. नोंद शंभरेक बाइटची असली तरी फ्लॅश मेमरीला तेवढाच तुकडा पुसता येत नाही. आतला अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. एसएसडीचा कंट्रोलर ही झीज सगळ्या डिस्कभर नीट वाटून देतो, साध्या कार्डाचा कंट्रोलर त्या मानाने तोकडा. त्यात ऐन लिहिताना लाइट गेली तर कधी कधी फाइल सिस्टिमच मोडते.

२.५ इंची सॅटा एसएसडी, १२० किंवा २५० जीबीची, आणि यूएसबी ३ ते सॅटा केबल एवढं पुरे. पाय ४ ला यूएसबीच्या डबीतली (एन्क्लोजर) एनव्हीएमई, म्हणजे सॅटापेक्षा वेगवान जातीची एसएसडी, लावून काही साधत नाही. ती तापते आणि करंटही जास्त खाते. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून जास्तीत जास्त १.२ अँपिअर मिळतात, हे विसरू नका. अडॅप्टर ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचाच हवा. मोबाइलच्या चार्जरवर व्होल्टेज ४.६३ च्या आसपास खाली आलं की पाय कमी व्होल्टेजची नोंद करतो आणि डिस्क मधेच गायब होऊ लागते. मग लोक डिस्क परत करायला दुकानात जातात.

प्रश्न : एसएसडी किती वर्षं टिकेल? (कोल्हापूर)

उत्तर : २५० जीबीच्या चांगल्या सॅटा डिस्कवर १५० टीबी लेखनाची हमी असते. रोज १० जीबी लिहिलं, आणि घरगुती यंत्रणा एवढं क्वचितच लिहिते, तरी ४१ वर्षं होतात. त्याआधी केबल जाईल.

तरीही रेकॉर्डरला लगाम घालाच. वीज मोजणारे काही स्मार्ट प्लग दर सेकंदा-दोन सेकंदांनी व्होल्टेज आणि करंट कळवत राहतात, आणि तो आकडा पुन्हा कोणी बघत नाही. असे सेन्सर रेकॉर्डरच्या ‘एक्स्क्लूड’मध्ये, म्हणजे वगळायच्या यादीत, टाका. लेखनाचं अंतर ५ वरून ३० सेकंद केलंत तर लाइट गेल्यावर फार तर शेवटच्या अर्ध्या मिनिटाचा इतिहास बुडेल.

प्रश्न : सगळं नव्याने न जोडता कार्डावरून एसएसडीवर कसं जायचं? (पुणे)

उत्तर : दोन वाटा आहेत. सोपी वाट : सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज इथल्या तीन ठिपक्यांतून ‘मूव्ह डेटा डिस्क’. डेटाबेस, अ‍ॅड-ऑन, सेटिंग सगळं एसएसडीवर जातं. एसएसडीवर आधीचं काही असेल तर ते पुसलं जातं. पण बूट (यंत्रणा सुरू होणं) कार्डावरूनच होतं, म्हणजे कार्ड मेलं की यंत्रणा पुन्हा बंद. आमचं मत दुसऱ्या वाटेला : कार्ड कायमचं बाहेर.

आधी सेटिंग्ज, सिस्टिम, बॅकअप्समधून पूर्ण बॅकअप घेऊन लॅपटॉपवर उतरवा. तो कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) असेल तर किल्लीही सोबत उतरवून ठेवा. किल्लीशिवाय बॅकअप म्हणजे दगड.

पाय ४ जुना असेल तर त्याला यूएसबीवरून बूट करायला शिकवावं लागतं. एका रिकाम्या कार्डावर रास्पबेरी पाय इमेजरने (कार्डावर किंवा डिस्कवर सिस्टिम लिहिणारं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) ‘मिस्क युटिलिटी इमेजेस’, ‘बूटलोडर’, ‘यूएसबी बूट’ लिहा आणि ते पायमध्ये घालून वीज द्या. हिरवा दिवा एकसारखा लुकलुकू लागला (टीव्ही जोडला असेल तर पडदा हिरवा होतो) की काम झालं. कार्ड काढा.

मग एसएसडी लॅपटॉपला लावून इमेजरने त्यावर होम असिस्टंट ओएस लिहा, पायच्या निळ्या पोर्टला जोडा, राउटरची वायर लावा. पहिल्या वेळी १५-२० मिनिटं लागू शकतात. घाईने वीज बंद करू नका. ब्राउझरमध्ये पायच्या पत्त्यापुढे ८१२३ पोर्ट टाकला की स्वागताचं पान येतं. तिथे नवं खातं न उघडता बॅकअप अपलोड करायचा पर्याय घ्या. झिगबी डोंगल (बिनतारी बल्ब-सेन्सरशी बोलणारी यूएसबी कांडी) तोच ठेवलात तर बल्ब पुन्हा जोडावे लागत नाहीत. जुनं कार्ड खाचेत राहू देऊ नका, नाहीतर बूटच्या क्रमानुसार पाय त्यावरूनही उठू शकतो आणि पडद्यावर जुनंच घर दिसेल.

प्रश्न : एसएसडी लावल्यापासून झिगबीचे बल्ब आणि दाराचे सेन्सर सारखे ‘अनअव्हेलेबल’ होतात. डोंगल बिघडला का? (ठाणे)

उत्तर : डोंगलला बहुधा काही झालेलं नाही. यूएसबी ३ च्या पोर्ट आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, आणि झिगबी त्याच पट्ट्यात बोलतं. एसएसडीची केबल आणि डोंगल शेजारी असले की डोंगलला लांबच्या सेन्सरची कुजबुज ऐकूच येत नाही. डोंगल काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टला लावा, तोही थेट न लावता मीटरभर लांबीच्या शिल्डेड एक्स्टेंशन केबलने, पाय आणि एसएसडीपासून दूर. केबल चाळीस-पन्नास रुपयांची बारीक वायर नको. चॅनेल बदलून फारसा फायदा होत नाही, कारण हा गोंगाट सगळ्या पट्ट्यावर असतो. बल्बही लगेच काढून नव्याने जोडायला बसू नका. डोंगल हलवल्यावर एक दिवस जाळं स्थिर होऊ द्या.

प्रश्न : अडॅप्टर कंपनीचाच आहे, तरी एसएसडीवरून बूट होताना अडकतं किंवा दोन दिवसांनी सगळं गोठतं. (नागपूर)

उत्तर : सॅटा केबलमधली चिप बघा. काही चिप्स यूएएस ही वेगवान पद्धत नीट पाळत नाहीत. सर्वात सरळ उपाय म्हणजे दुसऱ्या चिपची केबल. तीच चालवायची असेल तर यूएएस बंद करा : केबल विंडोजच्या लॅपटॉपला लावून डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिचे व्हीआयडी आणि पीआयडी (उत्पादकाचा आणि उपकरणाचा ओळख क्रमांक) पाहा. जेमायक्रॉनच्या एका नेहमीच्या चिपचे ते १५२डी आणि ०५७८ असतात. मग एसएसडीच्या बूट भागातली सीएमडीलाइन ही फाइल उघडून, आहे त्याच ओळीत एक जागा सोडून ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=१५२डी:०५७८:यू’ असं लिहा, अर्थात रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. एंटर मारून दुसरी ओळ करू नका. वेग थोडा उतरतो. घरच्या दिव्यांना तो जाणवत नाही.

प्रश्न : एसएसडीऐवजी पेनड्राइव्ह चालेल? (सातारा)

उत्तर : नको. आत बहुधा कार्डाच्याच जातीचा माल असतो, फक्त खोका वेगळा.

प्रश्न : एसएसडी लावली, आता लाइट गेली तरी चिंता नाही ना? (लातूर)

उत्तर : चिंता कमी झाली, गेली नाही. अर्धवट लिहिलेला डेटाबेस एसएसडीवरही बिघडू शकतो. इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदलाला लागणाऱ्या क्षणात पाय रीस्टार्ट होऊ शकतो. राउटरचा मिनी यूपीएस घेणार असाल तर त्याचं ५ व्होल्टचं आउटपुट ३ अँपिअर देतं का, ते आधी वाचा. आणि बॅकअप आपोआप एनएएसवर (घरच्या नेटवर्कवरची साठवणीची पेटी) किंवा क्लाउडवर जाऊ द्या. त्याच एसएसडीवर ठेवलेला बॅकअप डिस्कबरोबरच जातो.