'विच हंट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: चौकशीची नोटीस आली की पुढारी 'हे विच हंट (शब्दशः चेटकिणींची शिकार) आहे' म्हणतात. त्याला 'सूडाची कारवाई' म्हटलं तर चालेल का, आणि अमेरिकन नाटककार आर्थर मिलरच्या 'द क्रुसिबल' नाटकाचा त्याच्याशी काय संबंध?

बातमीपुरतं चालेल. पण अर्थ निम्माच येतो. सूडाच्या कारवाईत गुन्हा खराही असू शकतो, फक्त हेतू वाईट असतो. 'विच हंट' म्हणणारा त्याहून मोठा दावा करतो: मुळात चेटकीणच नाही, मग शोधताय कोणाला?

हे नाटक १९५३च्या जानेवारीत न्यूयॉर्कला रंगमंचावर आलं. कथा अमेरिकेतल्या सेलम गावात १६९२मध्ये चाललेल्या चेटकाच्या खटल्यांची, रोख मात्र १९५०च्या सुमारास तिथे चाललेल्या कम्युनिस्ट-शोधावर. तेव्हाही काहींनी आक्षेप घेतलाच, की चेटकिणी नव्हत्या, कम्युनिस्ट तर होते! आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण नाटकाचा जीव तिथे नाहीच, तो कबुलीच्या सौद्यात आहे. सेलममध्ये १९ जणांना फाशी झाली (जाळलं कोणालाच नाही, हा गैरसमज फार पसरलाय), आणि ती आरोप नाकारणाऱ्यांना. 'हो, मी चेटूक केलं' म्हणणारे वाचले, त्यातही आणखी चार नावं सांगितली तर उत्तमच. जाइल्स कोरी या म्हाताऱ्याने खटल्याला उत्तर द्यायचंच नाकारलं, तर त्याच्या अंगावर दगड रचत रचत त्याला चिरडून मारलं. नाटकाचा नायक प्रॉक्टर स्वतःपुरती खोटी कबुली देतो, पण दुसऱ्यांची नावं घेत नाही, आणि शेवटी सही केलेला कागदही फाडतो. १९५६मध्ये खुद्द मिलर कम्युनिस्ट शोधणाऱ्या संसदीय समितीपुढे उभा राहिला. स्वतःबद्दल बोलला, इतरांची नावं द्यायला नकार दिला. त्याबद्दल त्याला दोषी ठरवलं गेलं. तो निकाल १९५८मध्ये रद्द झाला. (ही समिती प्रतिनिधीगृहाची, म्हणजे कनिष्ठ सभागृहाची. कम्युनिस्ट-शोधासाठी गाजलेला मॅकार्थी सिनेटर होता, त्याचा तिच्याशी संबंध नव्हता. ही गल्लत सर्रास होते.)

म्हणून माझी कसोटी साधी: चौकशीत पुरावा मागतात की नावं? नावं दिली की सुटका होत असेल, तर शब्द बरोबर. २०१७मध्ये ट्रम्प यांनी अमेरिकी निवडणुकीतल्या रशियाच्या हस्तक्षेपाच्या चौकशीला हाच शब्द लावला. सेलमचे आरोपी कोर्टापुढे हतबल होते, इथे बोलणारा राष्ट्राध्यक्ष. शब्द वापरणाऱ्याची ताकदही बघावी ती अशी.

मराठीत 'साप साप म्हणून भुई धोपटणे' खूप जवळ जातं. नसलेलं संकट, वर आरडाओरडा, दोन्ही आलं. फक्त भुईला लागत नाही, इथे माणसं मरतात. 'चेटकिणींची शिकार' मात्र नको. आपल्याकडे सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून खरोखर मारहाण होत आली आहे, आणि तिथे तो अलंकार उरत नाही. पुढाऱ्यांच्या रोजच्या तक्रारीला 'चौकशीचा ससेमिरा' पुरेसा आहे.