मायक्रोमीटर: हत्यार की माप?

प्रश्न असा आहे: 'मायक्रोमीटर' म्हणजे जाडी वगैरे बारकाईने मोजायचं साधन की मिलिमीटरचा हजारावा भाग हे मोजमापाचं एकक? आणि एकाच परिच्छेदात दोन्ही आले तर मराठीत लिहायचं कसं?

अर्थ दोन्ही आहेत, आणि हा घोळ मराठीचा नाही. ब्रिटिश इंग्रजीत साधन आणि एकक यांच्या स्पेलिंगची शेवटची दोन अक्षरं उलटसुलट असतात, शिवाय साधनाचं नाव घेताना जोर 'क्रॉ'वर येतो, एककाचं घेताना 'माय'वर. देवनागरीत या दोन्ही खुणा पुसल्या जातात.

दोघांत साधन वयाने मोठं. विल्यम गॅस्कॉइन या इंग्लिश खगोल-अभ्यासकाने सतराव्या शतकातच दुर्बिणीत बारीक आट्यांचा स्क्रू बसवून आकाशातली कोनीय अंतरं मोजली होती, तेव्हा मीटरचाच पत्ता नव्हता. हातात धरायचा स्क्रूगेज, म्हणजे वर्कशॉपमधला नेहमीचा मायक्रोमीटर, १८४८ साली पॅरिसच्या पामरने पेटंट केला. फ्रेंच कारागीर त्याला अजून 'पामर'च म्हणतात.

गंमत म्हणजे नेहमीचा मायक्रोमीटर एक मायक्रोमीटर मोजतच नाही. थिंबलच्या (बाहेरच्या फिरत्या नळीच्या) एका फेऱ्यात स्क्रू अर्धा मिलिमीटर सरकतो आणि थिंबलवर ५० रेघा असतात. म्हणजे लघुत्तम माप ०.०१ मिलिमीटर, चक्क दहा मायक्रोमीटर! एकपर्यंत पोचायला स्लीव्हवर (आतल्या स्थिर नळीवर) व्हर्नियरच्या, म्हणजे आणखी बारीक वाचनासाठीच्या जादा रेघा असलेला किंवा डिजिटल घ्यावा लागतो.

लिहिताना माझा कौल वर्कशॉपच्या बाजूने. तिथे 'मायक्रोमीटर लाव' म्हटलं की हत्यार, आणि 'वीस मायक्रॉन जास्त आहे' म्हटलं की माप; मायक्रॉन हे मायक्रोमीटर या एककाचंच जुनं नाव. १९६७ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 'मायक्रॉन' हे नाव रद्द केलं खरं, पण लेथवरच्या माणसाला ते कुणी कळवलेलं दिसत नाही. शोधनिबंध किंवा पाठ्यपुस्तक लिहीत असाल तर एककाला 'मायक्रोमीटर' ठेवा आणि साधनाला 'स्क्रूगेज' म्हणा. 'सूक्ष्ममापी'ही चालेल, फक्त सूक्ष्मदर्शीशी गल्लत होणार नाही एवढं पाहा.

जाता जाता: अशा लेखात 'तसूभरही फरक नाही' असं लिहू नका. तसू म्हणजे गजाचा चोविसावा हिस्सा, चांगला इंचाहून जास्त. सुताराचं सूतसुद्धा इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर. बेअरिंगच्या कामात एवढा फरक पडला तर तो जॉब थेट भंगारात.