पहिल्या डोसानंतरचे दोन तास आणि नमुन्यावरची वेळ

आपला प्रश्न वाचला आणि त्यात माझी जुनी अडचण जशीच्या तशी दिसली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हार्ट फेल्युअरमुळे सूज चढून दाखल झालेल्या रुग्णांना शिरेतून दिलेल्या फ्युरोसेमाइडचा (सोडियम आणि त्याबरोबर पाणी लघवीवाटे बाहेर काढणारे औषध) कितपत उपयोग होईल, हे दाखल होतानाच्या माहितीवरून सांगणारे मॉडेल आपण शोधप्रबंधासाठी बांधले आहे. वय, रक्तदाब, क्रिएटिनिन व युरिया (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), घरी चालू असलेला डोस असे सगळे घालूनही अंदाज नाणेफेकीपेक्षा फारसा बरा येत नाही, तेव्हा अल्गोरिदम बदलावा की रुग्ण वाढवावेत, आणि कॅथेटर (लघवीची नळी) नसलेल्या रुग्णांना वगळावे का, असे आपण विचारले आहे. पहिल्या दोन्ही उपायांवर तूर्त वेळ घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपण ज्याला ‘प्रतिसाद’ म्हणता तो मुळात कसा मोजला गेला, ते आधी तपासा. हे सारे अभ्यासाच्या रचनेविषयी आहे. यावरून कोणत्याही रुग्णाचा डोस ठरवू नये, तो निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच.

हे औषध मूत्रपिंडाच्या नलिकेत काम करते आणि तिथे सोडियम परत शोषले जाऊ देत नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच. दाखल होतानाच्या आकड्यांना मर्यादा आहे ती त्यातूनच येते. युरिया चढलेला, क्लोराइड उतरलेले, घरचा डोस आधीच मोठा, अशा रुग्णांत गटाच्या पातळीवर प्रतिसाद कमी दिसतो हे खरे. पण समोरच्या एका रुग्णाची नलिका औषधाला किती दाद देईल, हे क्रिएटिनिनवरून काढलेल्या गाळणक्रियेच्या वेगावरून थोडेच कळते. शिवाय ज्याचा प्रतिसाद कमी येईल असे वाटते त्यालाच डॉक्टर मोठा डोस देतात, त्यामुळे डोस आणि प्रतिसाद यांचे नाते विदेत (डेटात) उलटेसुलटे होऊन बसते. दर 40 मिलिग्रॅममागे किती वजन उतरले असा भागाकार करून काही जण यातून वाट काढतात. मला तो भागाकार पटत नाही, कारण डोस आणि परिणाम यांचा आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा असतो, म्हणजे एका मर्यादेपुढे डोस वाढवूनही परिणाम वाढत नाही, आणि चांगली दाद देणाऱ्या रुग्णाला मोठा डोस मिळाला की तो उगाचच ‘कमी प्रतिसादाचा’ ठरतो.

याउलट पहिल्या डोसानंतर साधारण दोन तासांनी घेतलेला लघवीचा एक नमुना फार काही सांगतो. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन तासांच्या नमुन्यातील सोडियम लिटरला 50 ते 70 मिलिमोलच्या खाली असणे, किंवा पहिल्या सहा तासांत लघवी ताशी 100 ते 150 मिलिलिटरपेक्षा कमी होणे, हे अपुऱ्या प्रतिसादाचे लक्षण मानले आहे. नुसत्या लघवीच्या मापावर विसंबू नका. दीड लिटर लघवीत लिटरला 40 मिलिमोल सोडियम असेल तर 60 मिलिमोल बाहेर पडले, 110 असेल तर 165. तक्त्यावर मात्र दोघांपुढे सारखाच आकडा. दिवसाला 2 ग्रॅम सोडियम पोटात जाणे म्हणजे सुमारे 87 मिलिमोल आत येणे, हे लक्षात घेतले की पहिल्या रुग्णाचा एक डोस त्याच्या दिवसभराच्या सोडियमलाही पुरत नाही, हे उघड होते.

टेस्टानी हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये मांडलेले सूत्र याच नमुन्यातील सोडियम व क्रिएटिनिन, रक्तातील क्रिएटिनिन, ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळणक्रियेच्या वेगाचा अंदाज) आणि शरीराचे पृष्ठक्षेत्र घेऊन सहा तासांत एकूण किती सोडियम जाईल ते सांगते. त्यात वेळेचा गुणक 3.25 तासांचा आहे, कारण सुरुवातीला जोरात वाहणारे सोडियम नंतर ओसरत जाते. नमुना दोन तासांऐवजी चार तासांनी घेतला गेला, तर तोवर वेग उतरलेला असतो आणि चांगला प्रतिसाद देणारा रुग्णही सूत्राला वाईट दिसतो. सारे घड्याळावर अवलंबून आहे.

आणि घड्याळापाशीच आमचे सर्वांत मोठे नुकसान झाले. संस्थेचे नाव घेत नाही. परिचारिका डोस दिल्याची आणि नमुना घेतल्याची वेळ बाटलीवर मार्करने नीट लिहीत असत. बाटली वॉर्डातल्या ट्रेमध्ये मदतनिसाची फेरी येईपर्यंत पडून राही आणि लॅबच्या खिडकीवर बारकोड वाचला जाई, त्या क्षणाची वेळ अहवालात ‘नमुन्याची वेळ’ म्हणून छापली जाई. बाटलीत सोडियम बदलत नाही, त्यामुळे आकडा बरोबर आणि वेळ खोटी, असा तो अहवाल. नमुना घेतल्याची वेळ नोंदवण्यासाठी एक रकाना उघडून द्या, एवढीच आमची विनंती होती. लॅबने संगणक विभागाकडे बोट दाखवले, संगणक विभागाने विभागप्रमुखांमार्फत लेखी अर्ज मागवला आणि अर्जाला उत्तर आले की अहवालावर वेळ छापलेलीच असते. तोवर बाटल्या आणि त्यांवरचे हस्ताक्षर दोन्ही कचऱ्यात गेले होते. रुग्णांनी त्रास सोसून दिलेले नमुने, रात्रपाळीच्या परिचारिकांनी कामाच्या रगाड्यात काटेकोरपणे केलेल्या नोंदी, सारे एका न उघडलेल्या रकान्यापायी वाया गेले, याचा राग अजूनही येतो.

म्हणून आपल्या विदेत आज एक गोष्ट करून पाहा. सर्व नमुन्यांच्या वेळा दिवसाच्या चोवीस तासांवर मांडा. डोस कधीही दिले जात असताना नमुन्यांचे ढीग ठरावीक तासांवरच साचलेले दिसले, तर ती मदतनिसाच्या फेऱ्यांची वेळ आहे असे समजा. पुढच्या रुग्णांसाठी वॉर्डात स्वतंत्र वही ठेवा आणि लॅबच्या अहवालाशी ती रोज जुळवा. डोसाआधी मूत्राशय रिकामे करून घ्यायला सांगा, नाहीतर आधीची साठलेली लघवी नमुन्यात मिसळते. रक्तातले आणि लघवीतले क्रिएटिनिन एकाच एककात आहे ना, हेही पाहा. एकच रुग्ण दोनदा दाखल झाला असेल, तर त्याची एक नोंद मॉडेलच्या प्रशिक्षणाच्या आणि दुसरी चाचणीच्या गटात जाऊ देऊ नका.

भाकीत जमले म्हणजे रुग्णाचे भले झालेच, असेही धरू नये. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथील पुश-एएचएफ या 310 रुग्णांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2023 मध्ये आले, लघवीतील सोडियम पाहून उपचार वाढवल्यावर 24 तासांत सरासरी 409 मिलिमोल सोडियम बाहेर पडले, नेहमीच्या उपचारांत 345. मात्र 180 दिवसांतील मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा दाखल होणे यात फरक दिसला नाही. तरीही पहिल्याच दिवशी अपुरा डोस ओळखता येणे मला मोलाचे वाटते, निदान दुसऱ्या दिवशीच्या वजनाची वाट पाहत बसण्यापेक्षा.

कॅथेटर नसलेल्यांना वगळू नका. कॅथेटर बहुधा अधिक आजारी रुग्णांनाच लावलेला असतो, त्यामुळे वगळल्यास मॉडेल फक्त त्यांच्यापुरते उरेल. कॅथेटर नसलेल्यांसाठी सूत्राने काढलेले सोडियम हीच निष्पत्ती मानण्याचा मोह होईल. पण सूत्रात ईजीएफआर आधीच आहे, आणि तो ज्यांवरून काढतात ते क्रिएटिनिन व वय आपल्या मॉडेलला दिलेल्या माहितीतही आहेत, तेव्हा मॉडेल अर्धे स्वतःचेच उत्तर वाचेल. शक्य असेल तिथे सहा तासांची सगळी लघवी भांड्यात गोळा करून त्यातले सोडियम प्रत्यक्ष मोजा, आणि जिथे ते जमत नाही तिथे दोन तासांच्या नमुन्यातील सोडियमचा आकडा सूत्रात न घालता तसाच वापरा.