यंदा ‘पासंत्रा’ बरा झाला : पीएच.डी. प्रवेशाच्या शंका

पीएच.डी. प्रवेशाची जाहिरात येणार अशी नुसती कुणकुण लागली की तेच ते प्रश्न नव्याने माझ्याकडे येऊ लागतात. विभागाच्या व्हरांड्यात, गोकुळपेठेत भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. परवा एका मुलाने जेवणाच्या रांगेत माझ्या ताटात वांग्याची भाजी वाढता वाढता ‘मॅडम, पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) कधी आहे?’ विचारलं. म्हणून एकदाच लिहून टाकते.

सध्याचे मूळ नियम विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे. ते ७ नोव्हेंबर २०२२ ला अधिसूचित झाले. आपलं नागपूर विद्यापीठ त्यांच्या आधारे स्वतःचं ‘डायरेक्शन’, म्हणजे लेखी नियमावली, काढतं, आणि अर्ज करताना तेच हातात हवं. मित्राच्या मोबाइलमध्ये असलेलं जुनं पीडीएफ चालत नाही. आणखी एक सांगून ठेवते. माझ्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलाय, त्यामुळे मला नवीन विद्यार्थी घेता येत नाही. ‘आपल्या मार्गदर्शनाखालीच संशोधन करण्याची इच्छा आहे’ असं लिहून शाई वाया घालवू नका.

प्रश्न : एम.ए.ला ५४.६ टक्के आहेत. ५५ धरतील का? (बुटीबोरी)

नाही. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग किंवा आर्थिक दुर्बल घटकात असाल तर ५ टक्के सवलत आहे. प्रमाणपत्राची मुदत संपलेली नाही ना, ते आधी पाहा.

प्रश्न : पीएच.डी.साठी वयाची अट काय? माझं वय ४७ आहे. (महाल)

पीएच.डी.ला वयाची अट नाही. जेआरएफला, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपला, आहे, पण तुम्ही ती विचारलेली नाही.

प्रश्न : आधी एम.फिल. करावं असं काका म्हणतात. (उमरेड)

काकांच्या वेळी ठीक होतं. २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद झालं. कुणी आजही तुमच्या विषयात एम.फिल.ला प्रवेश देत असेल तर पैसे भरण्याआधी विद्यापीठात जाऊन विचारा.

प्रश्न : मी नेट पास आहे, पण जेआरएफ नाही. तरी पेट द्यावी लागेल? मित्र म्हणतो नेटवाल्यांना थेट प्रवेश मिळतो. (वर्धा)

मित्राचं अर्धं बरोबर आहे, आणि अर्धवट माहितीनेच सगळ्यात जास्त वर्षं वाया जातात. जून २०२४ पासून नेटच्या, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, निकालात तीन गट केले आहेत. पहिल्या गटाला जेआरएफ, सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश, तिन्ही मिळतं. दुसऱ्याला सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेश. तिसऱ्याला फक्त पीएच.डी. प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटात नेटच्या पर्सेंटाइलला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. ‘थेट’ काही नाही, मुलाखत सगळ्यांनाच आहे. आणि पीएच.डी. प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. तुमचा निकाल कधीचा, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. तो जुना असेल तर तुमचं गणित वेगळं होईल.

विद्यापीठ स्वतःची परीक्षा घेत असेल तर निम्मा पेपर संशोधन पद्धतीवर आणि निम्मा विषयावर असतो. पात्र व्हायला ५० टक्के लागतात, राखीव गटांना ४५. लोक विषय घोकून जातात आणि संशोधन पद्धतीत आपटतात. तुमच्या निकालाच्या तारखेसह विद्यापीठाच्या पीएच.डी. सेलला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. खिडकीवरच्या माणसाने तोंडी सांगितलेलं पुढे कुणी मानत नाही.

प्रश्न : एका संस्थेने फोन केला होता. परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पीएच.डी., १८ महिन्यांत, हप्त्याची सोय. घ्यावी का? (सावनेर)

घेऊ नका. आपल्याकडे पीएच.डी.चा किमान काळ कोर्सवर्क (सुरुवातीचे अभ्यासवर्ग) धरून तीन वर्षं आहे. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून एडटेक (ऑनलाइन शिक्षणाच्या) कंपन्या विकतात त्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही, असं यूजीसी आणि तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) ऑक्टोबर २०२२ मध्येच जाहीर केलंय. फोन करणाऱ्या पोराला एवढंच विचारा : ही पदवी घेऊन मला कॉलेजात नोकरीला अर्ज करता येईल, असं लेटरहेडवर लिहून द्याल का? पुन्हा फोन येणार नाही.

प्रश्न : अर्थशास्त्रात पीएच.डी. करायची आहे. नागपुरात बर्डीवर एक जण विषय सुचवून सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) तयार करून देतो, प्लॅजरिझम (उचललेला मजकूर) काढूनही देतो. वेळ वाचतो. नुसती मदत घेतली तर चालेल ना? (काटोल)

नाही चालणार. या प्रश्नाला मात्र मी सविस्तर उत्तर देणार आहे, बसा.

काही वर्षांपूर्वी माझ्यापुढे एक सिनॉप्सिस आली. विषय तुमच्याच भागातला, काटोल तालुक्यातल्या संत्रा उत्पादकांच्या आर्थिक समस्या. स्पायरल बाइंडिंग, रंगीत मुखपृष्ठ, सगळं झकास. तिसऱ्या पानावर ‘संत्र्याचा गाळप हंगाम’ दिसला. म्हटलं, असेल चूक. चौथ्या पानावर ‘संत्रातोडणी कामगारांचे स्थलांतर’. आणि सहाव्यावर हे वाक्य : ‘यंदा पासंत्रा बरा झाल्याने उत्पादनात वाढ झाली.’

पासंत्रा! मी दोन मिनिटं त्या शब्दाकडे बघत बसले. मग उलगडा झाला. कुणीतरी पश्चिम महाराष्ट्रातल्या उसावरचा प्रबंध उचलून कॉम्प्युटरला सांगितलं होतं की जिथे ‘ऊस’ दिसेल तिथे ‘संत्रा’ टाक. कॉम्प्युटरने इमानाने पावसातलाही ऊस काढला. मुलाला विचारलं, ‘पासंत्रा म्हणजे काय रे?’ तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, संत्र्याची एक जात आहे.’ त्याच्या घरची संत्र्याची बाग होती. मला सगळ्यात जास्त राग याचाच आला. आंबिया आणि मृग हे संत्र्याचे दोन्ही बहार पाहत लहानाचा मोठा झालेला पोरगा, आणि विषय दुसऱ्याकडून विकत घेतो!

‘प्लॅजरिझम काढून देतो’ हा तर त्याहून मोठा बनाव. ते लोक शब्दाला शब्द बदलतात, बाकी काही नाही. ‘कर्जबाजारी शेतकरी’चं ‘ऋणबाजारी कृषीवल’ झालेलं मी स्वतः वाचलंय. यूजीसीचे २०१८ चे नियम असे : १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा द्यावं लागतं. ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. संदर्भ देऊन अवतरणात घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची यात मोजत नाहीत, तेव्हा प्रामाणिक माणसाला भिण्याचं कारण नाही. पण आकडा १० च्या खाली आला म्हणून काम तुमचं होत नाही. मंजूर झालेले प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहावर जातात आणि तिथे कुणालाही दिसतात. आज ना उद्या मूळ लेखकच तुमचा प्रबंध उघडेल.

विषय असा शोधा. नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याच्या हंगामात दोन सकाळी उभे राहा. घरी वडिलांना विचारा : आंबिया बहाराची फळगळ झाली तर व्यापारी झाडावरचा सौदा मोडतो का? भाव किती पाडतो? इसार परत मागतो का? हे कुणी मोजलंय का? नसेल मोजलं तर तो तुमचा प्रश्न. मग शोधगंगेवर संत्रा, बागायत, पणन या शब्दांनी शोधा आणि निदान १० प्रबंधांचे निष्कर्ष वाचा. त्यानंतर दीड पानात लिहा : प्रश्न काय, आधी कुणी काय केलं, मी काय मोजणार, कुणाकडून, कसं. भाषा ओबडधोबड असली तरी चालेल. ‘अभ्यास करणे’ ने संपणारी पाच उद्दिष्टं आणि ‘शेतकऱ्यांना अनेक समस्या आहेत’ हे गृहीतक मात्र नको. ते खोटं ठरणं शक्य नाही, मग तपासायचं काय?

टायपिंग करून घ्या, शुद्धलेखन तपासून घ्या, आकडेमोडीसाठी संख्याशास्त्रवाल्याशी बोला. ही मदत, आणि प्रबंधात तिचे आभार मानता येतात. ज्या मदतीचे आभार मानायची लाज वाटते ती घेऊ नका. दीड पान झालं की तुमच्या विषयाच्या दोन प्राध्यापकांना दाखवा. एकालाच दाखवू नका.

प्रश्न : एका सरांनी ‘मी घेतो तुला’ असा शब्द दिलाय. ते दोन वर्षांनी निवृत्त होतात. (यवतमाळ)

शब्द प्रेमाचा असेल, नियमाचा नाही. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी सेवा उरली असेल तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. आधीपासून नोंदलेल्यांना ते निवृत्तीपर्यंत मार्गदर्शन करू शकतात, नंतर सह-मार्गदर्शक राहू शकतात, तेही वयाच्या ७० पर्यंतच. जागांचंही बंधन आहे : प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा, सहायककडे चार विद्यार्थी. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मार्गदर्शकांची यादी पाहा आणि सरांना ‘जागा रिकामी आहे का’ असं सरळ विचारा. राग आला तर बरंच झालं, पुढची पाच वर्षं वाचली.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. नोकरी सांभाळून होईल का? (साकोली)

अर्धवेळ पीएच.डी. नियमात आहे. मात्र नोकरीतल्या सक्षम अधिकाऱ्याचं ना-हरकत प्रमाणपत्र हवं, आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात : अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी मोकळीक दिली जाईल. ‘हरकत नाही’ एवढ्या एका ओळीचं पत्र परत येतं. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं, ते शनिवार-रविवारीच होईल असं धरून चालू नका. फाइल पंचायत समितीतून जिल्हा परिषदेत पोचायला किती दिवस लागतात हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. जाहिरातीची वाट न पाहता अर्ज टाका.

प्रश्न : नोंदणी होऊन दीड वर्ष झालं. आता लग्न ठरलंय, पुण्याला जावं लागेल. सासरचे म्हणतात सोडून दे. (प्रतापनगर)

सोडू नकोस. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने स्थलांतर करणाऱ्या विद्यार्थिनीला संशोधनाचं काम नव्या विद्यापीठात नेता येतं, ही सोय नियमात लिहिलेली आहे. मूळ संस्थेला किंवा गाइडला मिळालेल्या अनुदानित प्रकल्पातलं काम नसावं, प्रबंधात मूळ संस्थेला आणि गाइडला श्रेय द्यावं, आणि नियमांच्या बाकी अटी पाळाव्यात. पण बदलीच करावी लागेल असंही नाही. कोर्सवर्क झालं असेल तर सहामाही सादरीकरणापुरतं येऊन इथूनही पूर्ण करता येईल का, ते गाइडशी बोल. मुदतही समजून घे : सर्वांना सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर दोन, म्हणजे दहापर्यंत. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा आहे. हे नियमाचं पान छापून सासरी दाखव. तारखा ठरण्याआधी गाइड आणि पीएच.डी. सेल, दोघांनाही भेट.

प्रश्न : प्रबंध देण्याआधी दोन पेपर लागतात ना? एक एजंट ‘केअर लिस्टेड’ जर्नलमध्ये छापून देतो म्हणतो. (कामठी)

२०२२ च्या नियमांनी पेपरची देशपातळीवरची सक्ती काढली. विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं, म्हणून डायरेक्शन वाचा. केअर, म्हणजे मान्य जर्नलची यादी, यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. म्हणजे तुमचा एजंट बंद पडलेल्या दुकानाचं बिल फाडतोय. पेपर कुठे द्यायचा हे गाइडला विचारा.

प्रश्न : महाज्योतीची फेलोशिप मिळेल या भरवशावर खासगी नोकरी सोडू का? (हुडकेश्वर)

आज नको. महाज्योती ही राज्य सरकारची संस्था आपल्याच नागपुरात आहे, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, आदिवासींसाठी टीआरटीआय. पण प्रत्येक संस्थेची जाहिरात वेगळी असते, आणि नोंदणीची तारीख कोणत्या मुदतीत बसते यावर सगळं ठरतं. फेलोशिपचा पैसाही महिन्याच्या महिन्याला येईलच असं समजून घरभाडं ठरवू नका. जेआरएफ असेल तर गोष्ट वेगळी, पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये. तुमच्याकडे ती आहे का? नसेल तर आधी नोंदणी, मग अर्ज, मग कार्यालयात जाऊन चौकशी, आणि सगळ्यात शेवटी राजीनामा.

प्रश्न : एम.ए. अमरावती विद्यापीठातून केलंय. नागपूरला मायग्रेशन (आधीचं विद्यापीठ सोडल्याचा दाखला) लागेल? (वरुड)

लागेल. आजच अर्ज करा, आणि मूळ प्रत देण्याआधी दोन झेरॉक्स काढून ठेवा.