आधी त्याचं ऐक

प्रिय,

सातवीचा वर्ग चाचणीत पुन्हा दशांश अपूर्णांकांवर अडला, म्हणून आता सरावाची आणखी गणितं द्यावीत की टॅबवर व्हिडिओ दाखवावेत, असं तू विचारलंस. दोन्ही नको. तू पाठवलेल्या उत्तरपत्रिकांमध्ये एका मुलाने ४.५ + ०.१ = ५ लिहिलंय. तू फुली मारलीस. कसं काढलंस, हे त्याला विचारलंस का?

मला दाट शंका आहे की तो क्रिकेट बघतो. ४.५ षटकांनंतर एक चेंडू पडला की पडद्यावर पाच षटकं होतात. म्हणजे त्याचा हिशेब चोख आहे, फक्त तो सहाच्या गटांनी मोजतोय. तुझी सरावाची गणितं त्या सहाला धक्काही लावणार नाहीत. ‘षटकात सहा चेंडू, मग एका पूर्णात दशांश किती?’ एवढा एकच प्रश्न त्याला पुरेल. पण तो तुला सुचायला आधी त्याचं ऐकून घ्यावं लागेल.

बरोबर उत्तरांवर तर माझा त्याहून कमी भरवसा. ०.३५ मोठा की ०.५? ०.५ म्हणणाऱ्याला तू शाबासकी देतेस. त्यातल्या एखाद्याचा ठोकताळा असा असतो: शतांश दशांशाहून लहान, म्हणून अंक जास्त तितकी संख्या लहान. त्यालाच ०.७५ आणि ०.५ विचार, पुन्हा ०.५ मोठा म्हणेल. तुझ्या शाबासकीने त्याचा घोटाळा पक्का होतो. म्हणून बरोबर आलं तरी विचार, कसं काढलंस? आणि उत्तर येईपर्यंत गप्प बस.

चाळीस मुलांचं कधी ऐकू, असं म्हणू नकोस. हे मी फार ऐकलंय. कागदाच्या चिठ्ठ्यांवर उत्तर आणि कारण लिहून घे. चाळीस चिठ्ठ्यांत चाळीस तऱ्हा नसतात, तीन-चार असतात. प्रत्येक तऱ्हेचं एक मूल फळ्यापाशी बोलाव आणि त्यांनाच आपापसांत भांडू दे.

प्रयोगपेटी आली म्हणून तू खूश आहेस. मलाही आनंद आहे. पण नुसता प्रयोग पाहून कल्पना बदलत नाही. दोन सारखे बल्ब एकसर, म्हणजे एकामागून एक, जोड. पहिला बल्ब वीज खातो आणि उरलेली दुसऱ्याला मिळते असं मानणारं मूल, दोन्ही सारखे पेटलेले पाहूनही ‘दुसरा जरा मंदच आहे’ म्हणतं. बटण दाबण्याआधी त्याचा अंदाज कागदावर यायलाच हवा. मग डोळ्यांपुढचं आणि कागदावरचं जुळत नाही, हे त्याचं त्यालाच बोचतं.

आपलीच मुलं कच्ची, असंही मानू नकोस. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझुर यांचे विद्यार्थी अवघड उदाहरणं सोडवायचे आणि न्यूटनच्या नियमांवरच्या साध्या प्रश्नांत अडकायचे. १९९१ पासून ते व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न टाकू लागले, आधी प्रत्येकाचं उत्तर घ्यायचं, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायला सांगायचं.

आणि आपल्या शेजारीच मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली १६ शाळांत मुलांनी स्वतः करून बघत विज्ञान शिकायला सुरुवात केली. पुढे ते जिल्हाभर पसरलं. मुलं आपले प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला पत्राने पाठवायची. २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. आपल्याकडे तसं काही उभं राहावं म्हणून मी बरीच वर्षं दारं ठोठावली. झालं नाही, ती खंत जात नाही.

माझा पोर्शन मार्चमध्ये नेहमी मागे असायचा. तपासणीचे शेरे वाईट यायचे, स्टाफरूममध्ये बोलणी बसायची. तरी मी विचारणं सोडलं नाही. धडे संपवणं हे माझं काम होतं, असं मला आजही वाटत नाही. मूल काय समजून बसलंय हे ठाऊक नसताना मी पुढचा धडा कुणासाठी घेणार होतो? तुझ्यावरही हेच दडपण येईल. मुख्याध्यापकांना चिठ्ठ्या दाखव, वाद घालत बसू नकोस.

उद्या त्या मुलाला विचार. बाकीच्यांना ०.७५ आणि ०.५ चा प्रश्न दे, आणि चिठ्ठ्या न तपासता, लाल शाई न लावता, तशाच मला पाठव.

तुझा,
सर